‘क्लोज’ झालेलं लग्न

आमच्या गल्लीत आताशा कुणी मरत नाही. सगळे ‘ऑफ’ होतात. परवा कोपऱ्यावरचा किराणावाला सांगत आला, बाई, ते पेन्शनर मास्तर ऑफ झाले, आणि मला वाटलं, मास्तरांच्या मानेला काय बटण होतं की काय! दुकान बुडत नाही, क्लोज होतं. सोयरीक मोडत नाही, कॅन्सल होते. लोकांना हे शब्द फार साजूक वाटतात. माझ्या मात्र डोक्यात तिडीक जाते, आणि ती उगाच जात नाही. माझं पहिलं लग्न असंच एका इंग्रजी शब्दात गुंडाळून माझ्या हातात ठेवलं होतं. ठेवणाऱ्याला वर असंही वाटत होतं, की आपण किती सभ्य.

हा सभ्य माणूस म्हणजे माझा नवरा. इंग्रज गेला त्याच्या पुढच्या वर्षी मी त्याच्या घरात आले. माझं माहेर सालेकशाच्या बाजूचं, सासर आमगाव आणि गोंदियाच्या मधल्या एका खेड्यातलं. इकडेही धान, तिकडेही धान. फरक एवढाच की सासरी एक मॅट्रिक पास होता. गोंदियाला रेल्वेच्या मालधक्क्यावर तो बाबू होता. तिथंच एका खोलीत राही आणि रविवारी पॅसेंजरनं गावी येई. स्टेशनापासून घरापर्यंत बांधाबांधानं यावं लागे. तेव्हा हा पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट हातात धरून बगळ्यासारखा एकेक पाय उचलत येई, आणि आमच्या कुडाजवळ आला की थांबून, पाय पुसून, पुन्हा बूट चढवून मगच अंगणात पाऊल टाकी. बूट घालून आला, असं गावानं म्हणावं म्हणून. सगळं गाव शेतात रोवणी, म्हणजे धानाची लावणी, करत असे आणि त्याला अनवाणी पाहत असे, हे त्या शहाण्याच्या कधी ध्यानात आलं नाही.

रेल्वेत राहून त्यानं इंग्रजी उचलली होती. किती? मूठभर. आणि त्या मुठीत सगळे शब्द संपण्याचे. इंजिन फेल, गाडी कॅन्सल, वॅगन क्लोज, पास एक्स्पायर, खलाशी डिस्चार्ज, साहेब रिटायर. एखादी गोष्ट सुरू होते त्याला इंग्रजीत काय म्हणतात, हे त्या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. पण संपण्याचं काही असलं की याचा चेहरा असा व्हायचा, जसं काही व्हाइसरॉय जाताना कागदपत्र यालाच देऊन गेला. घरातले तांदूळ संपले तर ‘राईस फिनिश’. चुलीतला विस्तव विझला तरी ‘फिनिश’.

माझी सासू साधी बाई. सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात, सासऱ्याला मामाजी. मुलगा शहरातून जे आणेल ते चांगलंच असणार, अशी आत्याची पक्की समजूत. एका रविवारी संध्याकाळी दिवा फडफडून विझला आणि हा खाटेवरून म्हणाला, घासलेट फिनिश. आत्याला वाटलं, घासलेटाला शहरात असं म्हणतात. दुसऱ्या दिवशी ती बाटली घेऊन शेजारी गेली आणि मोठ्या ऐटीत विचारून आली, बाई, थोडा फिनिस आहे का? शेजारीण काय समजायची ते समजली, पण बाटली पाहून तिनं घासलेट दिलं. पुढं कितीतरी दिवस आमच्या अर्ध्या गावात घासलेटाला फिनिस म्हणत. मी हसून हसून लोळले. तो मात्र आईवर चिडला, तिनं त्याची बेइज्जती केली म्हणून.

मामाजी असं काही चाललं की विडी ओढत गप्प राहत. फक्त एकदा बोलले. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, बंद झाली ती बातमी घेऊन हा आला आणि अंगणात उभा राहून सांगू लागला, आता मालगुजारी ॲबॉलिश झाली. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मंग तलावाचा पानी आता कोन सोडल?’ कारण आमच्या धानाला पाणी मालगुजाराच्या तलावाचं, आणि ते केव्हा, कुणाच्या बांधीत सोडायचं हे मालगुजाराचा माणूस ठरवी. यानं पुन्हा सांगितलं, ॲबॉलिश म्हणजे ॲबॉलिश. मामाजींनी विडी विझवली आणि बैलांकडे गेले.

त्याच्या पुढच्या रोवणीत मामाजी आजारी पडले. पोट फुगलं, अन्न जाईना. यानं त्यांना गाडीनं गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. त्याच सुमारास शेजारणीचा मुलगा त्याच दवाखान्यातून बरा होऊन आला होता. तो डिस्चार्ज झाला, असं यानंच येऊन सांगितलं होतं. तेव्हा दवाखान्यातून जो इंग्रजी शब्द येतो तो माणूस घरी येण्याचाच असतो, हे आत्याच्या मनात बसलं होतं. दोष तिचा कसा म्हणायचा?

दुपारची वेळ होती. आत्या ओसरीत सुपानं लाखोळीची डाळ पाखडत होती. मी परे, म्हणजे रोवणीची रोपं, पोचवून नुकतीच शेतातून आले होते, पायांचा चिखल धुवत होते. हा अंगणात आला. बूट न काढता, आईकडे न पाहता, भिंतीकडे तोंड करून म्हणाला, ‘फादर एक्स्पायर झाले. संध्याकाळच्या गाडीनं आणत आहेत.’

आत्यानं सूप खाली ठेवलं. तिचा चेहरा उजळला. मी तो पाहिला म्हणून सांगते, नाहीतर सांगितलं नसतं. तिनं विचारलं, ‘मंग खाऊन राहिले ना काही?’ आणि उत्तराची वाट न पाहता उठली. डाळ मऊ शिजवायला घातली. मला म्हणाली, खाट बाहेर काढ, गोधडीला ऊन दाखव. हा तिथंच उभा. आई चुलीपाशी फुंकर मारते आहे, आजारातून उठलेल्या माणसासाठी डाळ शिजवते आहे, आणि हा बाबू आपल्या बुटांकडे बघतो आहे.

तो शब्द मी रेल्वेच्या पासाविषयी ऐकला होता, माणसाविषयी नाही. पण मला तोंड वाचता येत होतं. मी त्याला विहिरीकडे बोलावलं आणि विचारलं, मेले का? तो म्हणाला, एक्स्पायर म्हणजे तेच. मी म्हटलं, मग तेच सांगा ना आत्याला, तिला समजेल असं. तर मला म्हणतो कसा, असं एकदम बोलणं बरं दिसत नाही. बरं दिसत नाही! बाप मेल्यावरही याला आपण कसे दिसतो याचीच पडली होती. मी सरळ चुलीपाशी गेले आणि म्हटलं, ‘आत्या, डार उतरवा. मामाजी मेले.’

आत्यानं माझ्या थोबाडीत मारली. त्याच हातानं मग स्वतःचं कपाळ बडवून घेतलं आणि जो हंबरडा फोडला तो बांधावरच्या बायांना ऐकू गेला. ज्यानं सांगायचं त्यानं सांगितलं नाही, आणि मार मला बसला. त्याचं मला आत्याविषयी कधीच काही वाटलं नाही. तो मात्र त्या दिवशी माझ्या मनातून जो उतरला तो उतरला.

मामाजी गेल्यावर आत्या खचली. डोळ्यांना आधीच कमी दिसे, आता गुडघेही गेले. उठताना माझ्या दंडाला धरून उठे, परसात जायचं तर माझ्या खांद्यावर हात ठेवून जाई. शेत, बैल, आत्या, सगळं माझ्यावर. हा रविवारचा येई, तोही हळूहळू महिन्याचा झाला. मग गोंदियाहून बाजाराला येणाऱ्या लोकांच्या तोंडून कळलं, की बाबूनं तिथं एकीशी संधान बांधलं आहे. कुणा गार्डाची बहीण, शिकलेली, चपला घालणारी. मला रडू आलं नाही. मला तिची कीव आली.

शेवटी धानकापणीच्या आधी एका रविवारी तो आला आणि जेवणानंतर, हात धुताना, जणू काही पॅसेंजर उशिरा सुटणार आहे असं सांगावं तशा आवाजात मला म्हणाला, ‘आपलं मॅरेज आता क्लोज समज.’

मी विचारलं, कुणी केलं क्लोज? तो म्हणाला, कुणी केलं असं नाही, सिच्युएशनच तशी झाली. मी विचारलं, मग मी माहेरी जाऊ? तर लगेच दोन्ही हात पुढं करून म्हणतो, छे छे, तुला कोण काढतंय? तू इथंच राहा. आईला तुझी गरज आहे. तुला कमी पडणार नाही.

आता बघा, काय डोकं आहे! लग्न संपलं, पण मोलकरीण संपली नाही. आणि हे सगळं एका ‘क्लोज’मध्ये बसवलेलं. मी त्याच्या तोंडावर हसले. ते त्याला सगळ्यात जास्त लागलं असावं. कापणी आणि चुरणा, म्हणजे मळणी, होईपर्यंत मी थांबले, कारण धान माझ्या हातचं होतं. मग आत्याच्या घरात वर्षभराचे तांदूळ भरून ठेवले, शेजारणीला तिच्याकडे लक्ष द्यायला सांगितलं आणि माहेरी गेले.

माहेरी गेल्यावर गोष्टीची खरी गाठ कळली. आमच्या समाजात काडीमोड होती. पंचांसमोर नवरा तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, एक काडी हातात घेतो, मोडतो, आणि स्वतःच्या तोंडानं सांगतो, मी हिला सोडली. तेवढं झालं की बाई मोकळी. तिला पाट लावता येतो, म्हणजे दुसरं लग्न करता येतं. ते झालं नाही तोवर ती त्याचीच, मग तो तिकडे दहा जणी ठेवो. आणि माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं. अर्जुनी मोरगावकडचा, बायको वारलेली, स्वतःची शेती करणारा माणूस. वडिलांना तो पसंत होता. मीही त्याला आमच्या अंगणात एकदा पाहिलं होतं. वडिलांशी बोलताना तो जे बोलायचं ते सरळ बोलत होता, तेवढं मला पुरे होतं. पण तो म्हणाला होता, काडी मोडून आणा, फाल्गुनापर्यंत मी वाट पाहतो. त्याच्या घरात आईविना लहान लेकरं होती, त्याला तरी किती थांबता येणार?

वडिलांनी जावयाला निरोप धाडला, येऊन काडी मोडून दे. उत्तर आलं, त्याची नेसेसिटी नाही, ते ऑलरेडी क्लोज आहे, क्लोज झालेलं पुन्हा काय मोडायचं? वडील चक्रावले. त्यांना वाटलं, रेल्वेच्या कायद्यात असं काही असेल. मला काही कोडं पडलं नव्हतं. काडी मोडली तर मोडणारा कोण, हे साऱ्या समाजाला दिसणार. सोडली म्हटलं तर सोडणारा कोण, हे त्याच्याच तोंडून निघणार. त्याला लग्न संपलेलं हवं होतं, पण संपवणारा कुणी नको होता. आणि मी त्याच्याच नावानं त्याच्या आईची चूल फुंकत बसायला हवी होती. असल्या भेकडाला इंग्रजी शब्द म्हणजे लपायला कोनाडाच.

शेवटी वडिलांनी पंच बसवले. त्याच्या गावी, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आंब्याखाली. तो आला, कारण नाही आला असता तर त्याच्या दुसऱ्या लग्नात समाजातलं कुणी जेवायला गेलं नसतं, हे त्याला कळत होतं. बूट घालूनच आला. आत्यालाही बैलगाडीत बसवून आणलं होतं. ती बायांमध्ये, आंब्याच्या खोडाला टेकून बसली. मी वडिलांच्या मागे.

मुख्य पंच म्हातारा शेतकरी. त्यानं विचारलं, काय आहे ते सांग. हा उभा राहिला, घसा साफ केला आणि सुरू झाला. आमचं रिलेशन फिनिश झालेलं आहे. मॅरेज क्लोज आहे. माझी तिच्याविषयी काही कम्प्लेंट नाही. म्हाताऱ्यानं विचारलं, ‘कोनं केला क्लोज?’ हा म्हणाला, झालं ते. म्हाताऱ्यानं पुन्हा विचारलं, ‘आपल्या मनानं कसा होते गा? धान का आपल्या मनानं कापल्या जाते?’ लोक हसले. पण हसून गोष्ट पुढं सरकली नाही. यानं मान खाली घातली आणि अगदी गरीब चेहरा करून म्हणाला, मी तिला घराबाहेर काढलेलं नाही. तिनं सन्मानानं राहावं. घर तिचंच आहे.

आणि पंच पाघळले! एक जण म्हणाला, पोरगा तर तिले राहा मनून राहिला, मग कायले मोडता? दुसरा म्हणाला, घर आहे, धान आहे, सासूले बी आधार आहे. तिसऱ्यानं सुचवलं, आता एवढ्यात नको, उन्हाळा जाऊ द्या, मग पाहू. उन्हाळा! फाल्गुन लागायला आला होता. वडिलांना भांडता येत नसे. मला दिसलं की हे आता उठणार, विडी पिणार, आपापल्या घरी जाणार आणि मी जन्मभर क्लोज राहणार.

पंचांत बाईनं बोलायचं नसतं. मी उभी राहिले. पदर सावरला आणि म्हटलं, ‘यानं मले सोडली का नाही, एवढाच सांगावा. इंग्रजीत नोको.’

तो माझ्याकडे न बघता पंचांना म्हणाला, असं चारचौघांत बोलणं शोभत नाही. मुख्य पंच काही बोलणार तेवढ्यात बायांमध्ये हालचाल झाली. आत्या उठली होती. कुणाचा हात धरून उठली ते मला दिसलं नाही. चाचपडत गाडीपाशी गेली, गाडीत बसायला अंथरलेल्या तणसातली एक काडी ओढली आणि त्या म्हाताऱ्या, अधू डोळ्यांनी मुलगा शोधत पुरुषांच्या मध्ये येऊन उभी राहिली. मी गेले तर तिचं काय होणार, हे तिला माझ्याहून जास्त कळत होतं. शहरातली ती चपलावाली तिच्या चुलीपाशी कधी यायची नव्हती. तरी तिनं ती काडी त्याच्या मुठीत कोंबली.

‘मोड,’ ती म्हणाली. ‘अन् तोंडानं बोल. मले समजल असा बोल.’

तो आई, आई करत राहिला. ती हलली नाही. मग त्यानं काडी मोडायला घेतली. तणस जुनं, ओल खाल्लेलं. ते कडकन मोडेना, नुसतं वाकत होतं. त्यानं पिरगाळलं, ओढलं, बोटांना घाम आला, शेवटी कसेबसे दोन तुकडे झाले. आणि मग, इतकी वर्षं मी ज्याच्या तोंडून कधी सरळ वाक्य ऐकलं नव्हतं, तो आपल्या लहानपणच्या बोलीत हळूच बोलला.

‘सोडली मी इले.’

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, इतका झाला की पाय हलके पडले. वडील रडू लागले. मुख्य पंच म्हणाला, आजपासून या पोरीचा त्या घराशी संबंध नाही, तिनं पाट लावावा, समाज जेवायला येईल. माणसं उठली. बाबू आईकडे न बघता पाळीवरून स्टेशनाच्या वाटेला लागला. या वेळी बूट काढायचं त्याला सुचलं नाही, पाळ तुटली होती तिथल्या चिखलात दोन्ही बूट भरले. मी ते मन भरून पाहिलं.

आत्या पुन्हा आंब्यापाशी जाऊन बसली होती. मी लोट्यात पाणी घेऊन तिच्यापुढं वाकले. म्हटलं, आत्या, पानी घ्या. तिनं लोटा घेतला, दोन घोट पाणी प्याली आणि लोटा माझ्या हातात परत दिला.

‘आता आत्या नोको मनू, बाई,’ ती म्हणाली. ‘मोडली ना काडी.’

रागानं नाही बोलली. शेजारणीला सांगावं तसं बोलली. मग तिला उठायचं होतं, म्हणून मी सवयीनं तिच्या दंडाखाली हात घातला. तिनं तो हळूच बाजूला केला, खोडाला धरून आपली आपण उठली आणि गाडीची वाट न पाहता पाळीच्या कडेकडेनं घराकडे निघाली. पुढं तीच तुटलेली जागा होती, तिथून पाणी वाहत होतं. तिला ते दिसत नसणार, हे मला माहीत होतं. मी तोंड उघडलं, पण हाक मारायची तर काय म्हणून मारायची, ते मला सुचेना.